भिंतीतली आई

१२ जानेवारी

धाकट्या,

तुझं या महिन्याचं खोकं मिळालं. बोटीवरून उतरवताना कोणीतरी आपटलेलं दिसतं, एक कोपरा चेपलाय, पण आतला माल सुखरूप आहे. क्रीमची बिस्किटं, खारे चिप्स, डब्यातले सॉसेज, ते काळं गोड पेय, सगळं. सोबत चिठ्ठी असेल म्हणून मी तळाचा पुठ्ठासुद्धा उचलून पाहिला. नव्हती. असो.

फोन तू उचलत नाहीस. समुद्रातल्या त्या तेलाच्या फलाटावर रेंज नसते हे मी मान्य केलं असतं, पण वाजतो रे फोन. पूर्ण वाजून बंद होतो. म्हणून हे पत्र. आयुष्यभर मालाचं स्टोअर सांभाळणारा माणूस तू, आलेली वस्तू फोडून पाहिल्याशिवाय तुला राहवणार नाही, एवढा माझा भरवसा आहे.

तुझी लेक मजेत आहे. भिंगरी हे नाव तूच ठेवलंस, पण आता ती पूर्वीसारखी घरभर गरगरत नाही, शांत झालीये. मोठी होतेय. खातेपिते छान. गणवेशाची कंबर मला जूनपासून दोनदा उसवून वाढवावी लागली, पण आत्या शिंपीण असल्यावर त्याचं काय एवढं.

एकच सांगायचं होतं. ती हल्ली वहिनीच्या खोलीतच बसते. शाळेतून आली की दप्तर टाकते, खोक्यातलं काहीतरी उचलते आणि पलंगावर भिंतीला कान लावून बसते. मी बाहेर मशीन चालवायला घेतलं की आतून ओरडते, "आत्या, मशीन थांबव ना, ऐकू येत नाही!"

काय ऐकू येत नाही, असं विचारलं तर नुसती हसते.

लहान आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

धाकट्या,

मागच्या पत्रात मी थोडं झाकून ठेवलं. तू इतक्या लांब, उगाच जिवाला घोर नको, असं वाटलं. पण आता मलाच राहवत नाही.

भिंगरी म्हणते, भिंतीतून आई ठोकते.

तिने हे कुठून आणलं ते तुला सांगायला नको. शेवटी शेवटी वहिनीचं हृदय इतकं थकलं होतं की हाक मारायचं बळ नव्हतं. पलंगावर पडल्या पडल्या ती बोटाच्या पेराने भिंतीवर ठोकायची. तू हातातलं टाकून धावायचास. पोरगी तेव्हा पाच वर्षांची होती, कोपऱ्यात चित्रं काढत बसलेली असायची. आपल्याला वाटलं, तिला काही कळत नाही.

मी आधी हसण्यावारी नेलं. मग रागावले. मग एक दिवस तिला म्हटलं, "बरं, मला ऐकव."

तिने मला शेजारी बसवलं, बोट ओठांवर ठेवलं. दुपारची वेळ, रस्त्यावर सामसूम. तिचा डावा कान भिंतीला, तोंड माझ्याकडे. डोळे मिटले आणि मान हळूहळू हलायला लागली. गाण्याच्या ठेक्यावर हलते तशी. "बघ," म्हणाली, "आज सावकाश ठोकतेय. दमलीये."

मला काहीच ऐकू आलं नाही. पण ती मान ज्या नेमाने हलत होती ना, माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मुलं खोटं खेळतात तेव्हा त्यांचा ताल चुकतो. हिचा चुकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी नळवाल्याला बोलावलं. त्याने भिंत वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिली आणि म्हणाला, "बाई, या भिंतीत पाइपच नाही. वायरही नाही. नुसत्या विटा." मग पलीकडच्या घराची आठवण झाली. ते घर रिकामं आहे, किल्ली खाली रखवालदाराकडे असते. तो कुरकुरत वर आला, कुलूप उघडलं. आत काय असणार? उघड्या फरश्या, बंद खिडक्या, आणि आपल्या भिंतीच्या मागच्या बाजूला एक खिळा. तोही रिकामा. रखवालदार म्हणाला, "इथे उंदीरसुद्धा येत नाही, खायला काय आहे?" मला हसू आलं खरं. पण बाहेर पडताना मी त्याच्या पुढे झाले, त्या खोलीत शेवटचं राहायला मन धजेना.

आणि आता जे लिहितेय ते वाचून मला वेड्यात काढू नकोस. परवा भिंगरी शाळेत गेली असताना मी एकटी त्या पलंगावर बसले. कान भिंतीला लावला, चांगला दाबून. आणि मला ऐकू आलं. धप्. धप्. धप्. खोल, मऊ, कोणीतरी दुलईवर मूठ मारावी तसं.

मी उठले ती थेट जिन्यावर जाऊन बसले. पोरगी येईपर्यंत घरात गेले नाही.

ताई


२६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं आणखी एक खोकं आलं. पत्र नाहीच. निदान माझी पत्रं पोचतात की नाही, तेवढं तरी कळव रे.

भिंगरीचं डोकं दुखतं. कपाळ नाही, मागे, मानेच्या वर. शाळेतल्या बाई परवा मला भेटल्या. त्यांच्या मुलाचा सदरा शिवायला दिलाय, त्या निमित्ताने बोलल्या. म्हणाल्या, "खेळाच्या तासाला ही पायरीवर बसून राहते. विचारलं तर म्हणते धाप लागते. आणि तिच्या डब्यात रोज पाकीटच असतं, तुम्हाला माहीत आहे ना?" मला माहीत होतं. मी जेवण देते ते ती अर्धं परत आणते, आणि खोकं तर तिच्या बापाने पाठवलेलं, त्याला नाही म्हणणारी मी कोण?

पण खरी गोष्ट काल समजली.

मी इस्त्री करत होते. खोलीतून पाकीट फोडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग ते काळं पेय, फस्स करून. मी दारातून डोकावले. भिंगरी भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसली होती आणि खात होती. आवडीने नाही रे. आवडीने खाणारं मूल चाखतमाखत खातं, बोटं चाटतं. ही औषध घ्यावं तशी खात होती. घास, घोट, घास, घोट. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी खात होती.

"अगं, पुरे की," मी म्हटलं. "पोट दुखेल."

"थांब," ती म्हणाली. "अजून आली नाही."

"कोण?"

"आई. चिप्स खाल्ले, हे प्यायलं, की ती येते. जास्त खाल्लं की जोरात येते." मग माझ्याकडे वळली. तिचं तोंड लाल झालं होतं, ओठांना मीठ लागलेलं. "बाबा म्हणूनच पाठवतात ना? त्यांना माहितीये."

इस्त्री मी तशीच कापडावर ठेवून आले होते, ती तिथेच राहिली. शेजारणीच्या पडद्याला भोक पडलं.

मी तिला हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतेय. वहिनीला बघायच्या त्याच. त्यांचं नाव काढलं तरी तुला त्रास होतो हे ठाऊक आहे. तरी नेतेय.

ताई


१५ मार्च

धाकट्या,

शांतपणे वाच. बसून वाच.

डॉक्टरीणबाईंचे केस आता पांढरे झालेत, पण आपल्याला ओळखलं. भिंगरीचा रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. पट्टा बदलून पुन्हा. मग मला म्हणाल्या, "इतक्या लहान मुलीचा एवढा नसतो." मी भीत भीत ठोक्यांचं सांगितलं. वाटलं, आता हसतील, नाहीतर मनाच्या डॉक्टरकडे पाठवतील.

त्या हसल्या नाहीत. भिंगरीला म्हणाल्या, "इथे ऐकू येतंय का ग? या भिंतीतून?"

भिंगरीने मान तिरकी केली. "हो. आई इथेपण आलीये."

मी भिंतीला टेकले होते ती सरकून पुढे आले.

"मग असं कर," बाई म्हणाल्या. "ती जशी ठोकते तसं तू टेबलावर ठोकून दाखव. बोटाने." आणि तिचं दुसरं मनगट त्यांनी आपल्या हातात घेतलं. छातीला तारा लावलेल्याच होत्या, शेजारी पडद्यावर ती हिरवी रेघ उड्या मारत होती.

भिंगरी ठोकायला लागली. टक. टक. टक. पडद्याकडे तिची पाठ होती. मी मात्र समोर होते. तिचं बोट पडलं की रेघ उडायची. बोट पडलं, रेघ उडाली. बाईंनी तिला खोलीभर पळत फेऱ्या मारायला लावल्या आणि पुन्हा बसवलं. आता बोट भराभर पडायला लागलं, आणि रेघही तशीच भराभर. एकही ठोका इकडेतिकडे नाही.

बाईंनी मनगट सोडलं नाही. मला म्हणाल्या, "भिंतीत कोणी नाही. ही स्वतःची नाडी ऐकतेय. रक्तदाब इतका चढला की काही जणांना कानात ऐकू येते."

मग मी ऐकलं ते? तेही मी विचारलं, लाज सोडून. म्हणाल्या, "कान दाबून धरला की कोणालाही स्वतःचं ऐकू येतं. तुम्ही घाबरलेल्या होतात, म्हणून मोठ्याने आलं." तरी येत्या आठवड्यात मलाही तपासणीला बोलावलंय. सोडतात का!

पुढच्या तपासण्या झाल्या. कानात दोष नाही, मूत्रपिंडं चांगली. रक्तात मात्र सुजेची खूण सापडली. वरून दिसणारी सूज नव्हे. बाई म्हणाल्या, रोज रोज गोड, खारट, तळलेलं, डब्यातलं मांस, आणि भाजी, फळ, कडधान्य जवळपास नाहीच, असं चाललं की शरीर आतून धुमसायला लागतं. ताप नाही, दुखणं नाही, कोणाला पत्ता लागत नाही. पण त्याची धग रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागत राहते. भिंगरीच्या मानेतली रक्तवाहिनी त्यांनी यंत्रावर दाखवली. भिंत जाड झालीये. म्हणाल्या, "चाळिशीच्या माणसाची अशी असते." हृदयाची डावी बाजूही जोर लावून लावून किंचित जाडावलीये.

मी विचारलं, "हे सगळं त्या खोक्यांमुळे?"

"एकट्या खाण्यावर सगळं ढकलणार नाही," त्या म्हणाल्या. "वजन आहे, बसून राहणं आहे, आईकडून काही आलं असेल. पण हिच्या आईचं मी पाहिलंय, म्हणूनच थांबायचं नाही म्हणते. उद्या लगेच काही होणार नाही. आत्ता सोडून दिलं, तर ऐन तरुणपणी होऊ शकतं. मुलांचं शरीर वळवलं तर वळतं. आत्ताच वळवायचं."

येताना बसमध्ये भिंगरी खिडकीला टेकून बसली होती. तिला सगळं समजलं होतं असं मला वाटलं. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "डॉक्टरबाईंना सांगितलं नाही मी. आई आता माझ्या आत राहायला आलीये म्हणून."

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

खोकी पाठवणं बंद कर. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे चुकणार नाही.

घरातली होती ती मी रखवालदाराला दिली. त्यानंतर जे झालं ते लिहायला हात उचलत नाही. भिंगरी रडली नाही. आदळआपट नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "तू तिला उपाशी मारतेयस."

सहा दिवस माझ्याशी बोलली नाही. मी ताटात पालेभाजी, मासा, उसळ वाढायची, ती न बघता खायची. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या घ्यायची. मग खोलीत जाऊन भिंतीशी पुटपुटायची. एकदा मी ऐकलं. म्हणत होती, "थोडे दिवस कळ काढ. मी काहीतरी करते."

त्या दिवसांत, धाकट्या, मी शिवायला बसले की पाठ भिंतीला लावून बसायची. पाठीमागे मोकळी जागा नको वाटायची.

आणि तिने खरंच काहीतरी केलं. परवा संध्याकाळी ती घरात नव्हती. मी जिन्यात गेले तर वरून पावलं ऐकू आली. चढली, उतरली, पुन्हा चढली. रखवालदार खाली तोंड उघडं टाकून बघत होता. "केव्हापासून चाललंय," म्हणाला. भिंगरी घामाने निथळत माझ्यासमोर आली, कठड्याला धरून उभी राहिली, आणि किती दिवसांनी हसली.

"पाकीट लागत नाही आत्या," धापा टाकत म्हणाली. "जिना चढला तरी येते."

मी तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "एकदम एवढं नको. रोज थोडं, तुमच्यासमोर. दम लागला की थांबायचं. पण चढू दे तिला."

तेव्हापासून आम्ही दोघी रोज जिना चढतो. ती तिच्या आईला भेटायला. मी कशाला, ते मला विचारू नकोस. गुडघे माझे बोलतात, तेवढेच मला ऐकू येतात.

ताई


२० जून

धाकट्या,

खोकी थांबली. म्हणजे तू वाचतोस. एवढंही पुरे झालं मला.

भिंगरीचा रक्तदाब उतरलाय. रक्तातली सूज निम्म्याहून कमी. मानेतल्या त्या भिंतीचं आत्ताच सांगता येणार नाही, तिला वेळ लागतो म्हणाल्या. गणवेशाची कंबर मी पुन्हा आत घेतली. शाळेत खेळाच्या तासाला ती आता पायरीवर बसत नाही.

लोकांना वाटतं, मी किती आनंदात असेन. आहेही. पण गेले काही आठवडे आमच्या घरी काय चाललं होतं, ते लोकांना कुठे माहीत आहे?

ठोके कमी होत गेले. आधी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं की यायचे, मग दुसऱ्यापर्यंत, मग थेट गच्चीपर्यंत जावं लागायचं. तिचं हृदय बळकट होत होतं आणि तिची आई लांब लांब जात होती. रोज वर पोचलो की ती कठड्याशी डोळे मिटून उभी राहायची. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखं वाटायचं मला. वहिनीच्या वेळचंच सगळं पुन्हा.

मंगळवारी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आज नाही आली."

"दमली असेल," मी म्हटलं. तोंडातून गेलं रे माझ्या.

"नाही," ती म्हणाली. "माझीच नाडी होती ना ती? मला त्या दिवशीच कळलं होतं. टेबलावर ठोकताना." मग माझ्या पोटात डोकं खुपसून ती रडली. वहिनी गेली त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. तेव्हा राहिलेलं सगळं त्या गच्चीवर निघालं.

आता घरात इतकी शांतता आहे की मीच मशीन चालू ठेवते.

ताई


११ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि मी दाराशीच फतकल मारून बसले. तू लिहितोस:

"ताई, मी घर सोडलं ते त्या ठोक्यांमुळेच. ती गेल्यावर मला रोज ऐकू यायचे. तुम्हाला कसं सांगू? वाटलं, समुद्रात जाऊ, तिथे कुठली आलीये विटांची भिंत. इथे माझ्या खोलीची भिंत पत्र्याची आहे. पहिल्याच आठवड्यात पत्र्यातून ठोकलं. आता दिवसभर येतं. जेवणाच्या खोलीत माणसं असतात, मी तिकडे जात नाही, स्टोअरमधलंच उघडून खातो. तुझा फोन वाजतो तेव्हा दोन्ही आवाज एकत्र येतात, म्हणून उचलवत नाही. भिंगरीला हे सांगू नकोस. तिला वाटेल, आई तिला सोडून माझ्याकडे आली."

हे वाचून माझ्या तोंडचं पाणी पळालं. अरे, इतकी पत्रं वाचूनही तुला समजलं नाही? की समजूनच घ्यायचं नाहीये? डॉक्टरीणबाईंना मी तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, फलाटावर दवाखाना असतो, त्यांना आजच्या आज जायला सांगा, मी तिथल्या डॉक्टरशी बोलते. मी सकाळपासून तुला फोन लावतेय. वाजतोय. तुझ्या कार्यालयातही निरोप ठेवलाय. आज दुपारी बोट सुटते, तिच्यावरच्या माणसाच्या हातात हे पत्र देतेय. तोच तुला हाताला धरून दवाखान्यात नेणार आहे, असं त्याने कबूल केलंय.

आणखी काय लिहावं ते मला सुचत नव्हतं. भिंगरी मागे येऊन उभी राहिली होती. तिने तुझं पत्र आधीच वाचलं होतं. माझ्या हातातलं पेन घेतेय. घेऊ दे.


बाबा,

मी भिंगरी. आई मला सोडून तुमच्याकडे आलेली नाही. मला अजिबात राग आलेला नाही.

एका हाताचं मनगट टेबलावर ठेवा. त्यावर दुसऱ्या कोणालातरी दोन बोटं ठेवायला सांगा, अंगठ्याच्या खाली. मग आई जशी ठोकते तसं तुम्ही दुसऱ्या हाताने टेबलावर ठोका. खरं खरं ठोका. मग त्या माणसाला विचारा, एकदमच येतंय का.

ते ऐकल्यावर रडू येतं. मला गच्चीवर आलं. म्हणून हे एकट्याने करू नका.

मग त्याच माणसाबरोबर डॉक्टरांकडे जा आणि सगळं सांगा. कान, पत्रा, स्टोअरमधलं खाणं, सगळं. मी काही काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे उशीर झाला.

आवाज जायला खूप दिवस लागतात. गेला की एकदम रिकामं वाटतं. तेव्हा तिथे राहू नका बाबा. घरी या.